जुन्या गाडीत बाहेरचा पार्ट बसवताना : आधी आरसी, मग पाना

जुन्या गाडीचं काम काढायचं ठरलं की पहिला फोन गॅरेजला जातो. तो थोडा थांबवा. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि टॉर्च घ्या, बॉनेट उघडा आणि आरसीवरचा एकेक रकाना गाडीशी ताडून पाहा : चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, इंजिनाची क्षमता, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार, रिकाम्या गाडीचं वजन. गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून आली असेल तर इथेच पहिला घोळ सापडतो. कुणीतरी मध्येच इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर जुनाच नंबर असतो. नाहीतर पांढरी गाडी लाल झालेली असते, पण कागदावर ती अजून पांढरीच. आधीचा हा गुंता सुटेपर्यंत नव्या बदलाचा अर्ज करू नका. आरटीओचा निरीक्षक तुमचा नवा पार्ट नंतर बघतो, आधी नंबर बघतो.

चासी नंबरावर गंज किंवा रंगाचे थर चढले असतील तर रॉकेलात किंवा थिनरमध्ये भिजवलेलं फडकं लावून ठेवा आणि मऊ ब्रशने हळू साफ करा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, वायर ब्रश यातलं काहीही नको. नंबराभोवती ओरखडे दिसले की तो खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्यात महिने जातात. जागा साफ झाली की पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा. सगळी अक्षरं कागदावर स्वच्छ उमटली तर पुढचं काम सोपं. अशा दोन-तीन पेन्सिल प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा, लागतातच.

कायदा नेमका काय अडवतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ इथलं मुख्य कलम. त्याचा गाभा असा : उत्पादकाने मुळात दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील गाडीशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. 'बदल' म्हणजे काय तेही कलमात सांगितलं आहे : गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ वैशिष्ट्य बदलेल. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाजू उचलून धरली. राज्याच्या नियमात कुठे फट दिसली तरी केंद्राच्या कलमाला बगल देता येत नाही, हा त्याचा अर्थ.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. मोठी चाकं, कापलेला सायलेन्सर आणि पुढचा लोखंडी गार्ड हे तीन वेगळे बदल मोजले जाऊ शकतात. या गार्डबद्दल, म्हणजे बुल बारबद्दल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईसाठी लिहिलं होतं. त्यामागचं कारण तांत्रिक आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत ठरावीक पद्धतीने चेपला जावा अशी त्याची रचना असते. चासीला घट्ट बोल्ट केलेला गार्ड तो चेपण्याचा वेग बदलतो, एअरबॅगचा सेन्सर नेमका त्या वेगावरच निर्णय घेतो, आणि पादचाऱ्याच्या पायाला तर तो गार्ड लोखंडी पहारीसारखाच लागतो.

परदेशातले व्हिडिओ पाहून इथे फसगत होते. जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात एकेका गाडीची तपासणी करून मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला मिळवता येतो. आपल्याकडे खासगी मालकासाठी अशी रुळलेली वाट नाही. आपली मान्यता किटला (उदाहरणार्थ सीएनजी किट) किंवा पार्टला मिळते, आणि ती मिळवतो बनवणारा. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालच्या संस्था किट तपासून प्रमाणपत्र देतात. मालकाचं काम एवढंच : ते प्रमाणपत्र आपल्या मॉडेलला, आपल्या इंजिनाला आणि आपल्या प्रदूषण मानकाला लागू आहे की नाही ते बघणं. चार्टर्ड इंजिनिअरचा शिक्का आणून कलम ५२ ची अट सुटत नाही, त्यामुळे असा 'दाखला' विकणाऱ्यापासून लांब राहा.

परवानगी कुठे लागतच नाही

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉक ॲब्सॉर्बर, बुश, रबर होज, रेडिएटर, काच, आरसा. मूळ मापाचे, मूळ कामाचे पार्ट कुठल्याही कंपनीचे बसवा, आरटीओकडे जायचं कारण नाही. पद्मिनी, कॉन्टेसा, सिएलो यांच्या मालकांना तर दुसरा इलाजच नाही, कारण कंपनीचा पार्ट आता येतच नाही. मात्र परवानगी लागत नाही म्हणून पार्ट कसाही चालतो असं नाही. काचेवर आयएस २५५३, टायरवर आयएस १५६३३ असा मानक क्रमांक आणि आयएसआय खूण हवी. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार जुळला नाही तर खूण खोटी. अलॉय रिमसारख्या सुरक्षेच्या पार्टांना एआयएस-०३७ या वाहन उद्योग मानकाखाली मान्यता असते. ती खूण रिमच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत शोधा. बाहेर चिकटवलेल्या स्टिकरला किंमत नाही.

दिव्यांबद्दल एक सल्ला. जुन्या गाडीचा प्रकाश मंद वाटला की लोक ९०/१०० वॅटचे बल्ब घालतात. १०० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर साधारण ८.३ अँपिअर घेतो, दोन मिळून १६ च्या वर. सगळा प्रवाह स्टीअरिंगखालच्या त्या तीस वर्षं जुन्या स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो. खरं दुखणं बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतं. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बल्बच्या पिनांवर मल्टिमीटर धरा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.५ दिसलं तर दोन रिले, दोन फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून ओढा. मूळ ६०/५५ वॅटचाच एच४ बल्ब एकदम वेगळा दिसेल आणि नियमातही राहील. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबू नका. रिफ्लेक्टरची वक्रता फिलामेंटच्या जागेवरून आखलेली असते. प्रकाशाचा उगम दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

टायर : गणित करून मगच

चाकं मोठी करायची हौस सगळ्यांनाच असते. सुरक्षित वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप. त्यापलीकडे जायचं तर बाहेरचा व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. हिशेब सोपा आहे : रुंदी गुणिले टक्केवारी, ते दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवा.

१६५/८० आर१४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच. त्याचा व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर. १८५/६५ आर१५ चा ६२१.५. फरक ०.३ टक्के, चालेल. आता मारुती ८०० चं १४५/७० आर१२ घ्या : ५०७.८. त्यावर १५५/६५ आर१३ चढवला तर ५३१.७, म्हणजे पावणेपाच टक्के जास्त. स्पीडोमीटर अचूक असता तर काट्यावर ८० असताना गाडी जवळजवळ ८४ ने पळते. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डचं प्लास्टिक घासतं, आणि ब्रेकला तेवढंच जास्त बळ लावावं लागतं, कारण चाकाचा तरफदंड लांब झाला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा टायरवरचा आकडा, मूळपेक्षा कमी कधीच नको. ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो.

रिमच्या बाबतीत पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) सगळे बघतात, मधलं भोक कुणी बघत नाही. हबचा व्यास ५४.१ आणि बाहेरच्या रिमचं भोक ७३.१ असेल तर गाडीचं वजन नुसत्या नटांवर येतं. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि बॅलन्सिंग कितीदा केलं तरी जात नाही. मापाची हब रिंग घालावी लागते. नटही रिमला जुळणारे हवेत : साठ अंशांच्या शंकूच्या जागेत गोल बुडाचा नट कडेवरच टेकतो आणि सैल होतो. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा कसा.

ब्रेक बदलताना

जुन्या गाडीला पुढे डिस्क बसवणं हा वरवर शहाणपणाचा बदल दिसतो. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो म्हणून लोक तो बिनधास्त करतात. पण ब्रेकची रचना हा गाडीच्या मूळ मान्यतेचा भाग असतो. त्याच मॉडेलमध्ये कंपनीनेच नंतर डिस्क दिली असेल तर त्या व्हेरिएंटचा पूर्ण संच घ्या : कॅलिपर, स्टब ॲक्सल, मास्टर सिलिंडर, सर्व्हो, प्रमाण राखणारा व्हॉल्व्ह. आणि आरटीओला लेखी विचारा. लेखी होकार नसेल तर ड्रमच नीट करून घ्या. नीट बसवलेले, गोल टर्न केलेले ड्रम लोकांना वाटतात त्यापेक्षा बरेच चांगले थांबवतात.

अर्धवट संच घातल्यावर काय होतं ते सांगतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब रोखून धरणारा झडपेचा तुकडा असतो, साधारण ०.७ बार. ड्रमला तो लागतो. तोच डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात, वीस मिनिटांत रिमला हात लावता येत नाही आणि पेडल हळूहळू वर येऊन दगडासारखं होतं. दुसरी चूक मास्टर सिलिंडरच्या मापाची. पाऊण इंचाऐवजी तेरा सोळांश इंचाचा घातला तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं, तेवढाच दाब मिळवायला पाय तितकाच जोरात मारावा लागतो. आणि मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी लॉक झाले तर ओल्या रस्त्यावर गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून चाचणी नेहमी मोकळ्या मैदानात, ३० च्या वेगापासून, आणि कुणीतरी बाहेर उभं राहून आधी कुठलं चाक थांबतं ते बघायचं.

इंजिन

त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच सीसीचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवता येतं. एकट्या खासगी मालकाला यासाठी आधी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असणाऱ्यांना कलमात वेगळी सवलत आहे, तिचा आधार कारवाल्याने घेऊ नये. काम झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा.

जास्त सीसीचं किंवा दुसऱ्या कंपनीचं इंजिन मात्र विसरा. 'कंपनीनेच नंतर दिलं होतं' हा युक्तिवादही चालत नाही. अँबेसिडर १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली आणि १९९२ पासून १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनासहही. पण तुमच्या चासी नंबरासाठी उत्पादकाचा मूळ तपशील १४८९ असेल तर १८१७ हा त्याच्याशी न जुळणाराच आकडा.

जुन्या बाजारातून इंजिन घेताना आधी नंबर बघा, मग कॉम्प्रेशन. विक्रेत्याचं बिल हवं आणि त्यावर इंजिन नंबर लिहिलेला हवा. इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचा आरसी रद्द झाल्याचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'वाहन समन्वय' पोर्टलवर तो नंबर चोरीच्या नोंदीत नाही ना, हे पाहून त्याचा अहवाल छापून ठेवा. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

सीएनजी किट : पायरी पायरीने

बहुतेक नवख्यांचा आरटीओशी पहिला संबंध इथेच येतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. कलम ५२ मध्येच इंधन बदलासाठी किट बसवायची सोय आहे, पण अटींवर.

१. किटच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यात तीन गोष्टी शोधा : कुठल्या सीसी गटासाठी, कुठल्या भारत स्टेज (बीएस) प्रदूषण मानकासाठी, आणि मुदत कधीपर्यंत. मान्यता ३ वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण. दुकानदाराच्या भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मुदतबाह्य निघणं ही नेहमीची गोष्ट आहे.

२. बसवणाऱ्याकडे त्या कंपनीचं अधिकृत पत्र आणि आरटीओची नोंद आहे का ते बघा.

३. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या. ती नसल्यामुळे बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज परत येतात.

४. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकून 'अल्टरेशन' सेवेत अर्ज करा, फी भरा. पोर्टलवर मोबाइल नंबर जुन्या मालकाचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, म्हणून तो आधी बदलून घ्या.

५. मंजुरी हातात आल्यावरच किट बसवा. सिलिंडर आयएस १५४९० किंवा आयएस ७२८५ चा, पेसोची (स्फोटक आणि दाबाखालच्या वस्तूंवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) मान्यता असलेला, आणि नवाच. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या सिलिंडरचा नंबर त्या गाडीच्या नावावर नोंदलेला असतो, तुमच्या नावावर तो चढवताना नाकी नऊ येतात.

६. काम झाल्यावर बसवणाऱ्याचा दाखला, बिल, सिलिंडरचं चाचणी प्रमाणपत्र, किट प्रमाणपत्र, पीयूसी, विमा आणि पेन्सिल प्रिंट घेऊन १४ दिवसांत तपासणीला जा. दाखल्यावरचा रेग्युलेटर नंबर आणि सिलिंडर नंबर स्वतः एकेक आकडा मिळवून पाहा. एक आकडा चुकला तर दुसरी फेरी नक्की.

बसवताना गॅरेजमध्ये उभे राहा आणि हे बघा. ६० लिटरचा सिलिंडर रिकामाच ५५-६५ किलोचा असतो, त्यात २०० बारला साधारण ९ किलो गॅस. त्याचे बोल्ट डिकीच्या नुसत्या पत्र्यात नकोत, खालून जाड पट्टी किंवा प्लेट हवी, नाहीतर दोन वर्षांत पत्रा फाटतो. व्हॉल्व्हवर गॅसबंद पिशवी आणि तिच्यातून गाडीच्या बाहेर जाणाऱ्या दोन नळ्या असायलाच हव्यात, म्हणजे गळती झाली तर गॅस केबिनमध्ये साठत नाही. उच्च दाबाची स्टीलची नळी सायलेन्सरपासून लांब, दर दीड-दोन फुटांवर क्लॅम्प, आणि दोन्ही टोकांना एक-दोन वेटोळी. ही वेटोळी शोभेची नसतात. इंजिन हलतं तेव्हा ताण त्यांच्यावर जातो, जोडावर जात नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीला व्हेंचुरी मिक्सरचं, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणारं साधं किट ठीक. तेच किट एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाला लावलं तर इनटेकमध्ये गॅस भरलेला राहतो आणि एखाद्या बॅकफायरला एअर फिल्टरचा डबा फुटतो. एमपीएफआयला सिक्वेन्शिअल, म्हणजे गॅसही इंजेक्टरने क्रमाने सोडणारं किटच घ्या. सिलिंडरच्या वजनाने मागची स्प्रिंग दबली की गाडीचं नाक वर होतं, म्हणून हेडलाइट पुन्हा जुळवून घ्या. हे जवळजवळ कुणीच करत नाही.

दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. तारखेची पट्टी भरण्याच्या तोंडाजवळ लावलेली असते आणि ती उलटून गेली की पंपावर गॅस मिळत नाही.

इलेक्ट्रिक किटची वाट याच धर्तीची, पण अरुंद. एआयएस-१२३ खाली मान्यता झालेलं किट, त्याच मॉडेलसाठी, आणि गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली. त्याआधीच्या गाडीसाठी कुणी 'करून देतो' म्हणाला तर तो फक्त मोटर बसवून देतोय, आरसी नाही.

विमा, पीयूसी आणि काढलेले पार्ट

आरसीवर नोंद झाली त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा. गॅस किटसाठी आयएमटी २५ हे कलम पॉलिसीवर चढतं. नोंद नसलेल्या किटची गाडी जळली तर दावा तिथेच अडतो, मग किट कितीही मान्यताप्राप्त असो.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला म्हणून तो पोकळ करून घेणारे बरेच आहेत. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत लागतो, त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के. पोकळ कन्व्हर्टरवर ०.५ राखणं जवळपास अशक्य, आणि १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी उभी केली की ते उघडं पडतं. या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. बदलांची कागदपत्रं त्याआधीच पूर्ण ठेवा.

काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली चालत नाही. १९८० च्या पद्मिनीला ती पायरी २०३० मध्ये येते. तेव्हा मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ रिम शोधत फिरण्यापेक्षा ते माळ्यावर असलेले बरे.